पेटीतले भाडेकरू

अवधची संध्याकाळ, बनारसची सकाळ आणि माळव्याची रात्र, हे आम्ही इंदूरकर येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतो. रामबागेतल्या आमच्या घरात मात्र त्या गार रात्रीही एक वस्तू तापलेली असायची: टीव्हीखालचा गेम कन्सोल. त्याचा पंखा असा काही गरगरायचा की पलीकडच्या काकूंनी हिला विचारलं, ‘‘एवढ्या रात्री कसली गं चटणी वाटता?’’

पुढे ऐन सामन्यात ‘यंत्र फार तापले आहे’ अशी पाटी झळकवून पेटी बंद पडायला लागली आणि घरात वैद्य वाढले. आईचं निदान, ‘‘आधी त्या पोराला बंद करा.’’ मेहुण्यांचं निदान, ‘‘भाऊजी, काही नाही हो. एक फुंकर मारा.’’

मेहुणे नव्वदच्या दशकात वाढलेले. तेव्हा कॅसेटवर ९९९९ खेळ छापलेले असत आणि आत तेच पाच-सात पुन्हा पुन्हा. चाललं नाही की काढायची, फुंकायची, परत खोचायची. पुढे खुद्द निन्टेंडो या गेम कंपनीनेच सांगितलं की बाबांनो, फुंकू नका, तोंडाच्या ओलाव्याने आतल्या पट्ट्या गंजतात. खेळ सुरू व्हायचा तो काढून परत बसवल्यामुळे. फुंकरीचं त्यात काही नव्हतं. मी हे सांगितलं, पण ज्याने फुंकरीवर अख्खी मे महिन्याची सुट्टी काढली आहे त्याला विज्ञान काय सांगणार? त्यांनी पेटीच्या जाळीत फुंकर मारली. निम्मी धूळ त्यांच्याच डोळ्यांत आली.

जुनी यंत्रं चिवट होती, हे मात्र मला कबूल आहे. आखाती युद्धातल्या बाँबहल्ल्यात भाजून निघालेला एक गेम बॉय, म्हणजे हातात धरून खेळायचा कन्सोल, न्यू यॉर्कच्या निन्टेंडोच्या दुकानात वर्षानुवर्षं मांडलेला होता. कवच वितळलेलं आणि पडद्यावर टेट्रिस चालू! उलट मायक्रोसॉफ्टचा कन्सोल एक्सबॉक्स ३६० बघा. चिप तापायची, निवायची, तापायची, निवायची, शेवटी आतले बारीक जोड तडकायचे आणि बटणाभोवती लाल दिवे लागायचे. २००७ साली मायक्रोसॉफ्टने त्यापायी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. तोवर लोक घरी काय करत होते, तर जोड परत जुळतील म्हणून ती पेटी टॉवेलात गुंडाळून आणखी तापवत होते. जगभर सगळीकडे मेहुणे असतात.

शेवटी मी पेटी पिशवीत घालून जेल रोड गाठला. तिथल्या एका अरुंद दुकानात, फुटक्या काचांच्या मोबाइलांमधून वाट काढत एका मुलाने ती हातात घेतली. ‘‘भिया, वारंटी?’’

‘‘संपली.’’

‘‘बढ़िया,’’ असं म्हणून त्याने स्क्रूवरचं स्टिकर खरवडलं. आत चिपवरची पेस्ट सुकून भुगा झाली होती. ती चिपची उष्णता हीटसिंककडे, म्हणजे ती उष्णता शोषणाऱ्या धातूच्या ठोकळ्याकडे पोचवते. तीच वाळली तर पंखा बिचारा एकटा किती ओरडणार? इथवर मी जाणकारासारखी मान डोलावत होतो. मग त्याने पेटी तिरकी केली, आणि काउंटरवर झुरळं सांडली. काही मेलेली, काही चांगली तरतरीत.

‘‘भिया, इनने तो अंदर पूरी कॉलोनी काट दी!’’

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. २०१७ पासून देशात स्वच्छतेत पहिलं आलेलं शहर! कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकून आम्ही ओला-सुका वेगळा करतो आणि ही वसाहत आमच्याच दिवाणखान्यात! मुलगा शांत होता. अडॅप्टर पेटीच्या पोटातच, त्यामुळे आत ऊब, अंधार, आणि जाळीच्या फटीतून येण्याजाण्याची सोय. असल्या पेट्या त्याच्याकडे नेहमीच्याच. एवढंच नाही, चिमट्याने त्याने पुरावा बाहेर काढला. ‘‘सेव है. लौंग वाली.’’

म्हणजे राहणं, वीज आणि फराळ, तिन्ही आमच्याकडून.

मी घरी फोन केला. ही म्हणाली, ‘‘अहो, काहीतरीच काय! आपल्या घरात झुरळं नाहीत. त्याच्या दुकानातली असतील.’’ फोन स्पीकरवर होता. मुलगा म्हणाला, ‘‘मॅडम, हमारे यहाँ वाले सेव नहीं खाते, भूखे मरते हैं.’’

बिलावर सफाईचा आकडा होता आणि खाली ‘कीड़े के अलग’. मोबाइलवरून त्याचा फोटो पाठवताच पलीकडून हुकूम आला: हे बिल घरात आणायचं नाही. आई वाचेल, आईकडून काकू ऐकतील, मग संपूर्ण रामबाग. मुलाने तक्रार न करता नवं बिल फाडलं, रक्कम तीच ठेवून.

आता बिलावर ‘फैन रिपेअर’ लिहिलेलं आहे. मेहुण्यांनी ते चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, ‘‘नुसत्या पंख्याचे एवढे? भाऊजी, अजून दोन फुंकरी मारायच्या होत्या.’’