‘फॉर्च्युनरच्या पैशात लेक्सस’: त्या फॉरवर्डला उत्तर

आमचे साडू मुलुंडला राहतात. मागच्या महिन्यात त्यांनी एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, ‘घेऊन टाकू का?’ तोवर हाच मजकूर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोनदा आणि शाळासोबत्यांच्या ग्रुपवर एकदा येऊन गेला होता, म्हणजे तुमच्याकडेही पोचला असेल. नसेल, तर थोडक्यात सांगतो. नवी फॉर्च्युनर घेणारा वेडा, कारण तेवढ्यात किंवा त्याहून कमीत पाच-सहा वर्षं जुनी लेक्सस हायब्रिड एसयूव्ही येते. मायलेज अठराचं, त्यामुळे गाडी आपले पैसे आपणच फेडते. बॅटरी आयुष्यभर टिकते. हायब्रिडला टॅक्स नाही, टोल नाही. घसारा पहिल्या मालकाने सोसला, आता किंमत पडत नाही. दिल्लीची गाडी आणली तर आणखी स्वस्त. सर्व्हिस हिस्टरी बघा आणि डोळे झाकून घ्या.

मी सत्तावीस वर्षं मोटार विम्याचा सर्व्हेअर होतो. गाडी ठोकली, बुडाली, जळली की विमा कंपनी ज्याला बघायला पाठवते, तो माणूस. साडूंना मी ‘घेऊ नका’ म्हणालेलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो. लेक्सस ही टोयोटाच्याच लक्झरी ब्रँडची उत्तम गाडी आहे. पण फॉरवर्डमध्ये सगळा हिशेब विकत घेण्याच्या किमतीचा आहे, आणि या गाड्यांमध्ये तेवढीच एक गोष्ट स्वस्त झालेली असते. साठ-पासष्ट लाखांची गाडी तीसवर आली म्हणून तिचा हेडलाइट निम्म्या भावात मिळत नाही. तो साठ-पासष्ट लाखांच्या गाडीचाच हेडलाइट असतो.

आधी ‘हायब्रिड’ या शब्दाबद्दल, म्हणजे इंजिनाच्या जोडीला बॅटरी आणि विजेची मोटार. जाहिरातीत तो तीन वेगळ्या गाड्यांना लावलेला असतो. ऑडी क्यू7 किंवा व्होल्वो एक्ससी60 च्या अलीकडच्या पेट्रोल गाड्या माइल्ड हायब्रिड आहेत. त्यात 48 व्होल्टची लहान बॅटरी इंजिनाला थोडा टेकू देते, गाडी नुसत्या विजेवर रस्ता कापत नाही. व्होल्वो एक्ससी90 टी8 किंवा पोर्श कायेन ई-हायब्रिड या प्लग-इन. त्यांना रोज रात्री चार्जिंगला लावायचं असतं. ज्याच्या पार्किंगमध्ये प्लग नाही आणि सोसायटी मीटर द्यायला तयार नाही, तो जड बॅटरी पाठीवर घेऊन पेट्रोल जाळत फिरतो. तिसरी जात लेक्ससची, तिला स्ट्राँग हायब्रिड म्हणतात: एनएक्स 300एच किंवा आरएक्स 450एच. ब्रेक दाबला की वीज बनते, इंजिन तिला भर घालतं, प्लगची भानगड नाही. साडूंनी मला पाठवलेल्या तीन जाहिरातींमधल्या दोन गाड्या माइल्ड होत्या. फॉरवर्डमधलं एकही वाक्य त्यांना लागू पडत नाही.

‘मायलेज अठराचं.’ अठरा हा चाचणीतला आकडा. तरीही एक गोष्ट कबूल करतो, हायब्रिडला मुंबईसारखं शहर नाही. चुनाभट्टीच्या रांगेत किंवा बीकेसीतून बाहेर पडताना बाकीच्यांची इंजिनं उभ्या उभ्या पेट्रोल पीत असतात तेव्हा हिचं इंजिन बंद असतं. एक्स्प्रेस वेवर एका वेगात गेलात की हा फायदा आटत जातो, कारण तिथे ब्रेकच लागत नाही. ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळेही मायलेज थोडं कमी होतं, इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाच पेट्रोलच्या दोन-तृतीयांश. बरं, उदार होऊन धरू की साधी पेट्रोल एसयूव्ही शहरात 8 देते आणि ही 12. वर्षाला 10,000 किलोमीटर चालवलीत तर एकीला 1,250 लिटर लागतात, दुसरीला 833. लिटरला 103 रुपये धरले तर वाचतात 43 हजारांच्या आसपास. चांगली रक्कम आहे, नाही म्हणत नाही. पण ‘गाडी आपले पैसे आपणच फेडते’ म्हणायला तीस लाखांना 43 हजारांनी भागून बघा.

आता हा 43 हजारांचा गल्ला कुठे जातो ते सांगतो, कारण हे माझं घरचं मैदान. गाडीचा विमा काढला म्हणजे मोडलेलं सगळं भरून मिळतं अशी लोकांची समजूत असते. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत सुट्या भागांवर घसारा कापतात. रबर, नायलॉन, प्लास्टिकचे भाग, टायर, बॅटरी, एअरबॅग यांवर सरसकट 50 टक्के. फायबरवर 30. काचेवर काही नाही. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे, आणि पाच ते दहा वर्षांच्या गाडीला हा दर 40 टक्के. म्हणजे बंपर, ग्रिल, हेडलाइट, आरशाचं कवच, जे जे मुंबईत रिक्षा घासून जाते तेव्हा तुटतं, त्याचे निम्मे पैसे तुमच्या खिशातून. हेडलाइट समजा दीड लाखाचा. तुमच्या वाट्याचे 75 हजार झाले, पावणेदोन वर्षांची पेट्रोलची बचत एका कोपऱ्यावर संपली. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जोड-कवच घ्या म्हणाल, तर साधारण पाच वर्षं उलटली की ते मिळताना कंपन्या खळखळ करतात आणि दिलंच तर हप्ता चढा लावतात. फॉरवर्डमधली गाडी नेमकी पाच-सहा वर्षांची आहे!

‘बॅटरी आयुष्यभर टिकते.’ हा दावा अर्धा खरा आहे, आणि त्याच्या उलट बाजूचा जो फॉरवर्ड फिरतो, ‘पाच वर्षांत बॅटरी मरते’, तो त्याहून जास्त खोटा. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सने 2011 मध्ये 2002 सालची एक टोयोटा प्रियस तपासली होती. 2 लाख 8 हजार मैल, म्हणजे सव्वातीन लाख किलोमीटरच्या वर धावलेली, बॅटरी मूळची. नव्या गाडीच्या मानाने तिच्या मायलेजमध्ये नाव घ्यावं असा फरक नव्हता. टोयोटा आपल्याकडेही हायब्रिड बॅटरीला 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी देते, उगाच नाही.

पण ती प्रियस नऊ वर्षं रोज पळत होती. मुंबईतल्या जुन्या लक्झरी गाडीचं तसं नसतं. ‘शेठची गाडी, फक्त अठरा हजार चालली आहे’ हे डीलर कौतुकाने सांगतो. मला ते ऐकून धास्ती वाटते. अठरा हजार किलोमीटर सहा वर्षांत, म्हणजे ही गाडी महिनेच्या महिने तळघरात उभी होती. उभ्या हायब्रिडची आधी 12 व्होल्टची साधी बॅटरी उतरते. ती उतरली की मोठ्या बॅटरीत कितीही वीज असू दे, गाडी ‘रेडी’ होत नाही. एनएक्स 300एचची मोठी बॅटरी निकेल-मेटल हायड्राइडची, तीही पडून राहिली की आपोआप उतरत जाते. अशी गाडी घेण्यापेक्षा रोज बोरिवली-फोर्ट केलेली, सत्तर हजार चाललेली मी डोळे उघडे ठेवून घेईन.

मागच्या महिन्यात ओशिवऱ्याच्या बाजूला एका यार्डात साडूंबरोबर गेलो होतो. पांढरी लेक्सस, पॉलिश असं की त्यात स्वतःचं टक्कल दिसावं. डीलरचा पोऱ्या बॉनेट उघडायला धावला. मी मागचं दार उघडून सीटपाशी वाकलो. मोठी बॅटरी मागच्या सीटखाली असते आणि तिला थंड करणारा पंखा केबिनमधलीच हवा ओढतो. त्या हवेची जाळी तिथे असते. मोबाइलचा टॉर्च मारला तर जाळीवर राखाडी नमदा बसलेला, त्यात पांढरे आखूड केस. मालकाचा कुत्रा मागच्या सीटवर बसत असणार. नखाने खरवडलं तर पापुद्राच निघाला. पोऱ्या म्हणाला, ‘काका, ते व्हॅक्युम मारून देतो.’ जाळी व्हॅक्युमने साफ होईल हो, पण चार उन्हाळे बॅटरीला हवा नीट मिळाली नाही, ते व्हॅक्युमने निघत नाही. त्या गाडीचा विचार तिथेच संपला. एरवी मी एवढंच म्हणेन की टोकन देण्याआधी गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या आणि हायब्रिड सिस्टीमची तपासणी करून बॅटरीच्या ब्लॉकांचे, म्हणजे आतल्या सेलच्या गटांचे, व्होल्टेज कागदावर घ्या. सगळे एका ओळीत असतात, एखादा मागे पडला असेल तर दिसतोच. डीलर ‘कशाला, चालवून बघा ना’ म्हणाला तर चहा पिऊन निघा.

‘टॅक्स नाही, टोल नाही.’ हे उत्तर प्रदेशातून वाहत आलंय. तिथल्या सरकारने जुलै 2024 मध्ये स्ट्राँग आणि प्लग-इन हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला होता. महाराष्ट्रात कर आणि टोलच्या सवलती आहेत त्या पूर्ण विजेवरच्या गाड्यांना. अटल सेतूची टोलमाफी, ऑगस्ट 2025 पासूनची, तीही त्यांनाच. शिवाय एमएच पासिंगच्या जुन्या गाडीचा एकरकमी कर पहिल्या मालकाने भरलेलाच असतो, नावावर करताना तो परत लागत नाही. म्हणजे जी सवलत नाही तिच्या जोरावर जो कर लागतच नाही तो वाचवायचा.

तो कर लागतो तो दिल्लीच्या गाडीला. एनओसी आणा, बारा महिन्यांच्या आत इथला नंबर घ्या, आणि महाराष्ट्राचा कर गाडीच्या वयाप्रमाणे भरा. नव्या 20 लाखांवरच्या पेट्रोल गाडीला हा दर 13 टक्के आहे, जुनीला वयाप्रमाणे उतरतो, पण पाया लक्झरी गाडीच्या किमतीचा. कंपनीच्या नावावर घेणार असाल किंवा गाडी आयात केलेली असेल तर दर 20 टक्के. दिल्लीवाल्याकडून परतावा मिळेल वगैरे एजंट सांगतात, त्याच्या मागे धावायची उमेद असेल तर धावा.

‘आता किंमत पडत नाही.’ 22 सप्टेंबर 2025 ला काय झालं ते विसरले वाटतं. त्या दिवशी नव्या मोठ्या एसयूव्हीवरचा सेससकट 50 टक्के जीएसटी 40 वर आला. हायब्रिडला आधी 43 होता, तोही 40. नव्या गाड्या स्वस्त झाल्या की जुन्यांचा भाव आपोआप खाली सरकतो, आणि कराच्या बाबतीत हायब्रिडची जी सात टक्क्यांची आघाडी होती ती एका रात्रीत गेली.

राहिली सर्व्हिस हिस्टरी. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतरचे कित्येक महिने मी कुर्ला-कलिन्याच्या चिखलात घालवले. तेव्हापासून एक गोष्ट पक्की कळलीय: बुडालेल्या गाडीची खरी हकीकत सर्व्हिस बुकात सापडत नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, 75 टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस. सीटखालच्या बॅटरीपर्यंत पाणी गेलेली लक्झरी हायब्रिड हा आकडा हसत हसत गाठते. मग ती भंगाराच्या लिलावात जाते, आरसीसकट कुणीतरी उचलतो, बाहेरच्या गॅरेजात उभी करतो, आणि दीड वर्षाने ती पॉलिश होऊन यार्डात येते. सर्व्हिस बुकात फक्त एक पोकळी दिसते, ‘मालक परदेशात होते’ हे तिचं ठरलेलं कारण.

म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, धुतलेल्या पट्ट्याच्याही मुळाशी गाळाची रेघ राहते. सीटच्या रुळांचे बोल्ट बघा, स्टेपनीचा खळगा बघा. आणि गेल्या वर्षीची पॉलिसी मागा. तिच्यावर नो क्लेम बोनसचा (एनसीबी), म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा, टक्क्यांतला आकडा असतो: पहिल्या वर्षी क्लेम नसेल तर 20, मग 25, 35, 45, 50. त्याच मालकाकडची सहा वर्षांची, क्लेम न घेतलेली गाडी 50 वर असायला हवी. तो बोनस मालकाचा असतो, तुम्हाला मिळणार नाही, पण आकडा गाडीबद्दल बोलतो.

साडूंच्या टॉवरमध्ये पझल पार्किंग आहे, यंत्राने सरकणाऱ्या लोखंडी पॅलेटवर गाडी उभी करायची. पॅलेटवर गाडीचं वजन आणि उंची किती चालते याची पाटी लावलेली आहे, ती त्यांनी अजून वाचलेली नव्हती. ती आधी वाचा म्हटलं.

काल त्यांचा फोन आला. दुसरी एक लेक्सस बघितली, एका मालकाची, ठाणे पासिंग, 58 हजार चाललेली, ब्लॉकांचे व्होल्टेज एका ओळीत, पॅलेटवरही बसते. पॉलिसीही मागून घेतली. एनसीबी शून्य. डीलर म्हणतो बंपर घासला होता, बाकी काही नाही. मी म्हटलं, मग बंपरचं बिल पाठवायला सांगा. अजून आलेलं नाही.