अलाबामा उठलं म्हणून ऑबर्न बसलं? हा हिशेब जुळत नाही

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या चाहत्यांत एक विधान वर्षानुवर्षं फिरतंय. भरतीचा हंगाम आला की ते हमखास पुन्हा फॉरवर्ड केलं जातं: 'शेजारचा वैरी उठला की त्या भागातली चांगली पोरं तो उचलतो आणि आपल्या वाट्याला उरलंसुरलं येतं.' पुराव्यादाखल बहुतेक वेळा एकच जोडी दाखवतात. २००७ मध्ये निक सेबन अलाबामा विद्यापीठात कोच म्हणून आला, त्याने सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली आणि त्याच राज्यातलं ऑबर्न विद्यापीठ त्या वडाखाली खुरटलं. गोष्ट ऐकायला सरळ आहे, म्हणूनच इतकी पसरली. पण तारखा आणि नावं शेजारी ठेवून पाहिली की ती जागोजागी उसवते.

ज्यांचा या खेळाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. इथे शाळा संपवणाऱ्या मुलांना विद्यापीठं शिष्यवृत्ती देऊन संघात घेतात. त्यासाठी कोच मंडळी दोन-तीन वर्षं आधीपासून मुलांच्या शाळेत खेपा घालतात, घरी जाऊन आईवडिलांशी गप्पा मारतात. यालाच रिक्रूटिंग, म्हणजे भरती, म्हणतात. अलाबामा राज्याची लोकसंख्या साधारण पन्नास लाख, आणि तिथे एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगचा एकही संघ नाही. त्यामुळे राज्यातली सगळी भक्ती या दोन विद्यापीठांत वाटली गेली आहे. दोघांच्या वार्षिक सामन्याला आयर्न बोल म्हणतात. ऑबर्नला एमएससाठी गेलेल्या मराठी पोरालाही 'वॉर ईगल' ही आरोळी शिकावी लागते, मग त्याला डाव कळो न कळो.

आता मुद्दे. पहिला आणि सगळ्यांत लाडका: 'पोरं जिंकणाऱ्याकडे जातात.'

सेबनचं पहिलं वर्ष काढून पाहा. २००७ चा हंगाम अलाबामाने ७ विजय, ६ पराभव असा संपवला. लुइझियाना-मनरोसारख्या लहान संघाकडून घरच्या मैदानावर हार खाल्ली. आयर्न बोल ऑबर्नने १७-१० असा जिंकला, तोही सलग सहाव्या वर्षी. जिंकणाऱ्याकडे जायचा नियम खरा असता तर फेब्रुवारी २००८ मध्ये राज्यातल्या सगळ्या गुणी पोरांनी ऑबर्नच्या दारात रांग लावली असती. झालं उलटंच. फोली गावचा ज्युलिओ जोन्स, बर्मिंगहॅमचा मार्सेल डेरियस, मोबिलचा मार्क बॅरन आणि युफॉलाचा कोर्टनी अपशॉ हे सगळे राज्यातलेच आणि सगळे अलाबामाला गेले. मिशिगनमधल्या फ्लिंटहून मार्क इन्ग्रम आला, ज्याने पुढच्याच वर्षी अलाबामाला पहिली हाइसमन ट्रॉफी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान, मिळवून दिली. विजय नंतर आले: २००८ मध्ये आयर्न बोल ३६-०, आणि २००९ च्या हंगामात राष्ट्रीय विजेतेपद.

म्हणजे भरतीने संघ उठवला. संघ उठल्यामुळे भरती झाली हे त्यानंतरचं प्रकरण. शिवाय त्या वेळी सेबनकडे विकायला होतं काय? रिकाम्या जागा. कमकुवत संघात अठरा वर्षांच्या मुलाला पहिल्याच वर्षी मैदानात उतरता येतं, आणि जोन्स पहिल्याच सामन्यापासून उतरला. बलाढ्य संघात याच्या नेमकं उलट होतं. अलाबामाला राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत नेणारा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा मुख्य खेळाडू, जेलन हर्ट्स जानेवारी २०१८ मध्ये त्याच सामन्याच्या मध्यंतरालाच बाकावर बसवला गेला, कारण मागे तुआ टॅगोवायलोआ तयार होता. हर्ट्स पुढे ओक्लाहोमाला गेला. प्रत्येक घरात हे दिसतं, आणि प्रतिस्पर्धी संघाचे कोच ते पालकांना आवर्जून दाखवतातही.

दुसरा मुद्दा: 'राज्यातली पोरं मोजकीच. एकाला मिळाली म्हणजे दुसऱ्याची गेली.'

यात राज्याची हद्द म्हणजे जणू गावकुसाची भिंत, असं धरलेलं असतं. ऑबर्न शेजारच्या जॉर्जिया राज्याच्या सीमेजवळ आहे. तिथून अटलांटा साधारण पावणेदोनशे किलोमीटर, तर अलाबामा विद्यापीठाचं टस्कलूसा त्याहून बरंच लांब. ऑबर्नचं अंगण अर्ध्याहून जास्त पूर्वेकडे पसरलं आहे. सेबनच्या ऐन भरात, २०१० मध्ये, ऑबर्नने चौदाच्या चौदा सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. तो संघ ज्याच्या खांद्यावर होता तो कॅम न्यूटन अटलांटाजवळचा, आणि आला टेक्ससमधल्या एका ज्युनिअर कॉलेजातून, म्हणजे दोन वर्षांच्या छोट्या कॉलेजातून. निक फेअरली मोबिलचा, म्हणजे याच राज्यातला, पण तोही मिसिसिपीतल्या कम्युनिटी कॉलेजला वळसा घालून आलेला. मायकल डायर आर्कान्सॉचा. २०१३ मध्ये ऑबर्न पुन्हा अंतिम सामन्यापर्यंत गेलं, तेव्हा क्वार्टरबॅक निक मार्शल जॉर्जियाचा होता आणि कॅन्ससच्या ज्युनिअर कॉलेजातून आला होता. दार बंद झालं तर खिडकी आहे, आणि या खेळात खिडक्या पुष्कळ आहेत.

दुसरीकडे अलाबामाचं काय झालं? ते जितकं मोठं होत गेलं तितकं दूरवर जाळं टाकू लागलं. टॅगोवायलोआ हवाईचा, ब्राइस यंग कॅलिफोर्नियाचा, डेरिक हेन्री फ्लॉरिडाचा. शिष्यवृत्त्यांची मर्यादा तेव्हा ८५ होती. हवाईच्या पोराला एक दिली की घरची एक कमी झाली. शेजारी देशभर प्रसिद्ध झाल्यावर राज्यातल्या दुसऱ्या फळीतल्या मुलांसाठी त्याच्याकडे जागाच उरत नाही, आणि ती मुलं ऑबर्नसाठी मोकळी राहतात. वर गेलेला वैरी शेजाऱ्याला असंही काही देऊन जातो, हे त्या व्हायरल विधानात कुठेच येत नाही.

शिवाय दोघांनाही चुकवून जाणारी पोरं असतात. जानेवारी २०१४ च्या अंतिम सामन्यात ऑबर्नला ३४-३१ असं हरवणारा फ्लॉरिडा स्टेट विद्यापीठाचा क्वार्टरबॅक जेमिस विन्स्टन हा बर्मिंगहॅमशेजारच्या ह्यूटाउनचा. घरचा पोरगा, दोघांच्या हातून निसटलेला.

तिसऱ्या मुद्द्यात मात्र दम आहे आणि तो झटकून टाकणं अप्रामाणिकपणा होईल: 'अगदी वरची पोरं तरी गेलीच ना?' गेली. रूबेन फॉस्टर शाळेचं शेवटचं वर्ष ऑबर्न हायस्कूलमध्ये खेळला, ऑबर्नचा लोगो त्याने हातावर गोंदवून घेतला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये सही केली अलाबामासाठी. वर्षभराने राशान एव्हन्सची पाळी. तोही त्याच शाळेचा, त्याचे वडील ऑबर्नसाठी खेळलेले, आणि पोरगा अलाबामाला. दोघंही पुढे एनएफएलच्या वार्षिक खेळाडू-निवडीत पहिल्याच फेरीत निवडले गेले. विद्यापीठाच्या दारातली मुलं अशी जाणं ऑबर्नवाल्यांच्या जिव्हारी लागलं, त्यात नवल नाही.

पण फॉस्टरच्या वर्षीचा संदर्भ पाहा. २०१२ चा हंगाम ऑबर्नने ३ विजय, ९ पराभव असा घालवला, आयर्न बोल ४९-० ने हरलं, आणि दुसऱ्याच दिवशी कोच जीन चिझिकला नारळ दिला. ज्या माणसाने दोनच वर्षांपूर्वी राष्ट्रीय विजेतेपद दिलं, त्याला. फॉस्टरला आपलंसं करणारी कोच मंडळीच उरली नव्हती. त्याच्या जागी कोणता मुलगा थांबला असता?

माझ्या मते खरी कळ इथेच आहे. शेजाऱ्याचा उदय पोरांपेक्षा आधी पैसेवाल्या देणगीदारांच्या आणि विश्वस्तांच्या डोक्यात शिरतो. २००७ ते जानेवारी २०२४ अलाबामाकडे एकच मुख्य कोच होता. ऑबर्नने त्याच काळात टॉमी टबरव्हिल, चिझिक, गस मॅल्झान, ब्रायन हार्सिन आणि ह्यू फ्रीझ असे पाच जण पाहिले. टबरव्हिलने सलग सहा आयर्न बोल जिंकले होते. एक ५-७ चा हंगाम झाला आणि तो गेला. मॅल्झानने सेबनला तीनदा हरवलं: २०१३, २०१७, २०१९. ऑबर्नमध्ये त्याच्या एकाही हंगामात विजयांपेक्षा पराभव जास्त झाले नाहीत. तरी डिसेंबर २०२० मध्ये त्याला काढलं आणि करार मोडल्याबद्दल २ कोटी १४ लाख ५० हजार डॉलर देणं पत्करलं. मग आणला हार्सिन, दूरच्या आयडाहोतून, जिथल्या आणि इथल्या शाळांचा एकमेकांशी सुतराम संबंध नाही. तो दोन हंगामही टिकला नाही. दहावीतल्या मुलाशी जुळवलेलं नातं बारावीपर्यंत नेणारा माणूसच पुन्हा पुन्हा बदलला, तर भरती कशी टिकणार? यात सेबनचा हात एवढाच, की त्याच्याकडे पाहून यांची झोप उडाली. झोपमोडीत घेतलेले निर्णय यांचेच.

आणि याची उलटी चाचणीही होऊन गेली आहे. फ्रीझच्या काळात, डिसेंबर २०२३ मध्ये, अलाबामा नुकतंच साउथईस्टर्न कॉन्फरन्स, म्हणजे दोघं खेळतात तो विभागीय गट, जिंकून राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफमध्ये पोचलं होतं. त्याच महिन्यात फीनिक्स सिटीचा कॅम कोलमन, क्लॅन्टनचा डिमार्कस रिडिक आणि फोलीचा पेरी थॉम्प्सन या राज्यातल्या तिघांनी ऑबर्नसाठी सह्या केल्या. थॉम्प्सन तर आधी अलाबामाला शब्द देऊन बसला होता, आणि ज्युलिओ जोन्सच्याच शाळेचा. महिनाभरात सेबन निवृत्तही झाला. विधान खरं असतं तर इथून ऑबर्नचे दिवस पालटायला हवे होते. २०२४ मध्ये ऑबर्न ५-७ राहिलं, २०२५ च्या नोव्हेंबरात फ्रीझही गेला, आणि दोन्ही वर्षी आयर्न बोल अलाबामानेच जिंकला. पोरं आली, सेबन गेला, तरी हे झालं.

'आता पैशाच्या जमान्यात हे सगळं बदललंय' या मुद्द्यावर फार रेंगाळत नाही. २०२१ पासून खेळाडूंना नावाचे आणि जाहिरातींचे पैसे घेता येतात, एक वर्ष बाहेर न बसता संघ बदलता येतो. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठंही थेट पैसे देतात, पहिल्या वर्षासाठी कमाल २ कोटी ५ लाख डॉलर, आणि ८५ शिष्यवृत्त्यांऐवजी १०५ खेळाडूंची मर्यादा आली. या सगळ्याने बाजार देशभराचा झाला. 'शेजारी' या गोष्टीचं वजन त्यात घटतं, वाढत नाही.

इतकं करूनही शेजाऱ्यालाच दोष द्यायचा असेल तर निदान शेजारी तरी बरोबर निवडावा. सेबनचाच माजी बचाव-प्रशिक्षक कर्बी स्मार्ट २०१६ पासून जॉर्जिया विद्यापीठाचा मुख्य कोच आहे. २०२१ आणि २०२२ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं त्याने घेतली. अटलांटाच्या शाळा हे त्याचं घरचं रान, आणि न्यूटन-मार्शलच्या राज्यातून ऑबर्न ज्या वाटेने पोरं आणायचं ती वाट त्याच्या दारावरून जाते. नोव्हेंबर २०१७ मध्ये ऑबर्नने जॉर्जियाला ४०-१७ ने लोळवलं होतं. त्यानंतरच्या आठ वर्षांत त्यांना एकदाही हरवता आलेलं नाही. भरतीवरच्या त्या पोस्टांमध्ये मात्र अजूनही सेबनचाच फोटो असतो.