कागदावर 'जिल्हे अहमदनगर' आहे म्हणून आपण बाहेरचे ठरत नाही

गेले काही महिने एक संदेश भावकीच्या, गावाच्या, शाळेतल्या मित्रांच्या अशा सगळ्या ग्रुपवर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: नाशिक जिल्हा इंग्रजांनी 1869 मध्ये तयार केला, त्यामुळे त्याआधीच्या इथल्या नोंदीच नाहीत. घरातल्या जुन्या कागदावर अहमदनगर किंवा खानदेश असं लिहिलेलं असेल, तर तुमचं कुळ तिकडून आलेलं. मूळ गाव आडनावावरून कळतं. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये आडनाव सापडलं की पुरावा पक्का. आणि आता सगळं ऑनलाइन आहे, तेव्हा पणजोबांचं नाव सातबाऱ्यावर दिसत नसेल तर ते त्या गावचे नव्हतेच.

मी हे सोडून दिलं असतं. पण आमच्या चुलतभावाने जुन्या ट्रंकेतल्या एका पावतीचा फोटो ग्रुपवर टाकला. सारा भरल्याची मोडीतली पावती. कुणाकडून तरी वाचून घेतलेला मजकूर त्याने खाली दिला होता: तालुके सिन्नर, जिल्हे अहमदनगर, सन 1264. त्याखाली निष्कर्ष, 'आपण मूळचे नगरचे, तेही यादवकाळापासून'. ऐंशी ओलांडलेल्या आमच्या थोरल्या काकांनी ते वाचलं आणि रात्री मला फोन केला. "म्हणजे आपण इथले नव्हंच का रे?" ज्या माणसाने सगळं आयुष्य सिन्नरच्या एका शिवारात काढलं, त्याने या वयात हा प्रश्न विचारावा याचं मला फार वाईट वाटलं. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

सगळ्यात मोठी चूक आधी घेतो, जिल्ह्याची. 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि हा मुलूख कंपनी सरकारकडे गेला, तेव्हा 'नाशिक जिल्हा' नावाची गोष्ट नव्हती. आज जो भाग आपण नाशिक जिल्हा म्हणतो तो दोन कारभारांत वाटला गेला. सिन्नर, निफाड, खुद्द नाशिक हे नगरच्या कलेक्टरकडे, तर मालेगाव, बागलाण हे खानदेशाकडे. मधली काही वर्षं नाशिकला सब-कलेक्टर बसत असे, पण तोही नगरच्याच हाताखाली. पुढे 1869 मध्ये दोन्हीकडचे तालुके काढून नाशिकचा स्वतंत्र जिल्हा झाला. म्हणजे 1818 ते 1869 या पन्नास वर्षांत सिन्नरच्या शेतकऱ्याला मिळालेल्या सरकारी कागदावर 'जिल्हे अहमदनगर' हेच असायला हवं. दुसरं काही असतं तरच शंका घ्यायची वेळ होती. त्या कागदातून एवढंच कळतं की सारा कोणत्या कचेरीच्या हिशेबात जमा झाला. माणूस कुठून आला हे त्यात लिहिलेलंच नाही. आणि त्याच पावतीवर 'तालुके सिन्नर' स्पष्ट आहे! चुलतभावाने जिल्हा वाचला, तालुका सोडून दिला.

हीच गोष्ट डोंगराकडच्या तालुक्यांत आणखी गुंतागुंतीची आहे. पेठ हे संस्थान होतं, तिथल्या बेगमसाहेबांच्या निधनानंतर 1878 मध्ये ते खालसा झालं. सुरगाण्याचं संस्थान तर स्वातंत्र्यानंतर विलीन झालं. त्यामुळे पेठच्या कुणाच्या घरात 1870 चा संस्थानी कागद निघाला आणि त्यावर नाशिकचा उल्लेख नसला, तरी त्या घराचं गाव तसूभरही हललेलं नाही. सुरगाण्याच्या पलीकडचा डांग 1960 मध्ये गुजरातेत गेला. एका कुळाच्या दोन पाती शेजारशेजारच्या पाड्यांवर राहत असतील तर एकीचे पुढचे कागद मराठीत आणि दुसरीचे गुजरातीत सापडतील. हे कुणी स्थलांतर केल्यामुळे झालेलं नाही.

एवढं जुनं कशाला, आपल्या डोळ्यांदेखत काय झालं ते बघा. त्र्यंबकेश्वर तालुका 1999 मध्ये झाला. त्याआधी त्र्यंबकला जन्मलेल्या माणसाच्या दाखल्यावर तालुका नाशिक आहे, त्याच्या मुलाच्या दाखल्यावर त्र्यंबकेश्वर. घर तेच, गल्ली तीच. अहमदनगरचं नाव आता अहिल्यानगर झालं. शंभर वर्षांनी कुणी म्हणेल का, की अहमदनगरचे लोक निघून गेले आणि अहिल्यानगरचे लोक येऊन राहिले?

आता 'सन 1264'. ही चूक करणारा आमचा भाऊ एकटा नाही, म्हणून नीट सांगतो. जुन्या महसुली कागदांवर इसवी सन क्वचितच सापडतो. बहुतेक वेळा फसली सन, म्हणजे महसुलासाठी धरलेलं वर्ष, असतो, आणि दख्खनच्या फसली सनात 590 मिळवले की इसवी सन येतो (वर्षाच्या पुढच्या भागात 591). 1264 फसली म्हणजे 1854-55. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन असतो, तोही आकड्यांत नाही तर अरबी शब्दांत: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस. त्यात 599 किंवा 600 मिळवायचे. शक असेल तर 78. म्हणजे आमची पावती यादवांच्या काळातली नाही, ती 1869 च्या पंधरा वर्षं आधीची आहे. म्हणूनच तिच्यावर नगर आहे. सन नीट लावला असता तर जिल्ह्याचा गोंधळ तिथेच सुटला असता.

'1869 आधीच्या नोंदीच नाहीत' हा दावा तर ती पावतीच खोडून काढते. नाशिकची नगरपालिकासुद्धा 1864 ची, जिल्ह्याच्या आधीची. पेशवाईतलं दप्तर पुण्याच्या पुरालेखागारात आहे, कोट्यवधी मोडी कागद. त्यात गावांचे थळझाडे आहेत, कुळझडत्या आहेत, म्हणजे कोणतं थळ कुणाचं आणि कोण कुळ किती जमीन कसतं याच्या याद्या. मिरासदार (वंशपरंपरेने जमीन धरणारा) कोण, उपरी (बाहेरून येऊन कसणारा) कोण, कोणत्या घराचा वंश खुंटून जमीन 'गतकुळ' झाली, हे त्यांत दिसतं. वतनाचे तंटे, महजर (पंचसभेचे निवाडे), इनामाच्या चौकशीचे कागद वेगळेच. कंपनी सरकारच्या काळातला महसूल खात्याचा पत्रव्यवहार मुंबईच्या पुराभिलेखागारात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. इंदापूरला 1830 च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी सुरू केलेली जमीन मोजणी पुढे आपल्याकडे आली आणि तिची टिपणं, प्रतिबुकं (मोजणीच्या नोंदवह्या आणि त्यांच्या प्रती) आजही तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मागता येतात. कुणबी नोंदी शोधण्यासाठी 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली तेव्हा तहसील कचेऱ्यांतल्या दप्तरांत किती मोडी पडून आहे हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं.

खरी अडचण नोंदी नसण्याची नाही, त्या भलत्या नावाखाली शोधण्याची आहे. पेशवाईतलं दप्तर 'नाशिक जिल्हा' असं मागितलं तर हाती काही लागणार नाही. तिथे परगणा विचारावा लागतो, त्यातला लहान भाग म्हणजे तर्फ विचारावी लागते. मोगलाईत नाशिकला गुलशनाबाद म्हणत आणि हा प्रदेश संगमनेर सरकारात धरला जाई. बागलाणचा कारभार आणखी वेगळा. चांदवडचं चांदोर, पेठचं पेंट अशी इंग्रजी अमदानीतली रूपं ओळखावी लागतात. कागद ज्या वर्षाचा आहे त्या वर्षी आपलं गाव कुणाच्या हुकमतीत होतं, हे आधी ठरवायचं आणि मगच कचेरीची पायरी चढायची. हे काम कुणी फॉरवर्ड करून होत नाही.

आडनावावरून मूळ गाव? 'कर' लावलेलं आडनाव बघून लोक बिनधास्त गाव सांगतात. पण गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोण हाक मारणार? सिन्नरमध्ये सगळेच सिन्नरचे. असं नाव चिकटतं ते माणूस बाहेर पडल्यावर, आणि ते त्याने सोडलेल्या शेवटच्या मुक्कामाचं असू शकतं, पहिल्या गावाचं असेलच असं नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जुन्या महसुली कागदांत पुष्कळदा आडनावच नसतं. अमुक बिन तमुक, किंवा वलद तमुक, एवढंच. बिन म्हणजे मुलगा. त्यामुळे आडनाव घेऊन शोधणारा रिकाम्या हाताने परततो आणि 'नोंद नाही' म्हणतो. बापलेकांच्या नावांची जोडी घेऊन शोधणाऱ्याला एका ओळीत दोन पिढ्या मिळतात. वंशावळ लावणाऱ्यांसाठी 'बिन' हा दोन अक्षरी शब्द कुठल्याही आडनावापेक्षा मोलाचा आहे.

गॅझेटियरबद्दल थोडक्यात. मुंबई इलाख्याच्या मालिकेतला नाशिकचा सोळावा खंड 1883 चा, जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखालचा. गावं, घाट, पिकं, बाजार, देवस्थानं यांची माहिती म्हणून तो जरूर वाचावा, जिल्हा कसा जोडला गेला तेही त्यात आहे. पण त्यातल्या आडनावांच्या याद्या जातवार आहेत, कुटुंबवार नाहीत. आपलं आडनाव तिथे दिसलं म्हणजे आपले पणजोबा दिसले असं होत नाही. शिवाय एकेका जातीच्या स्वभावाबद्दल तिथे जे लिहिलंय ते त्या काळच्या साहेबी नजरेतून आलेलं आहे. ते 'पुरावा' म्हणून पुढे पाठवताना लोकांना काहीच कसं वाटत नाही?

जनगणनेचंही तसंच. 1872 पासूनची जनगणना आहे म्हणून तीत नाव मिळेल असं त्या संदेशात सुचवलंय. छापील खंडांत गावांचे आणि जातींचे आकडे आहेत, घरोघरची नावं नाहीत. स्वातंत्र्यानंतरच्या नोंदी तर 1948 च्या कायद्याने गोपनीय आहेत.

राहिला सातबारा, आणि इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण या मुद्द्याने गरिबांच्या घरात जास्त दुःख होतं. सातबारा वंशावळीसाठी केलेला नाही. तो जमिनीचा हक्क आणि पीक सांगतो. वंशावळ बघायची तर फेरफार काढा, गाव नमुना 6. वारसाच्या फेरफारात मयताचं नाव, मुलगे, मुली, विधवा अशी अख्खी पिढी एका नोंदीत सापडते, आणि बायकांची नावं मिळण्याची सगळ्यात चांगली जागा हीच. आता त्याही नोंदी स्कॅन झाल्या आहेत, पण गट नंबर टाकून 1950 च्या आधीचं शोधायला गेलात तर काहीच निघणार नाही. 1947 च्या कायद्याखाली जमिनीच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालं आणि जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. दोन्हींची सांगड घालायला एकत्रीकरणाचा 9(3), 9(4) चा उतारा लागतो. तो न घेता 'नाव नाही' म्हणणं म्हणजे चुकीच्या दारावर थाप मारून घरात कुणी नाही म्हणण्यासारखं आहे.

आणि ज्यांची जमीनच नव्हती ते? सावकाराच्या नावावरच्या जमिनीत राबणारी कुळं होती. त्यातल्या पुष्कळांची नावं मालक म्हणून लागली ती 1 एप्रिल 1957 च्या कृषकदिनानंतर, म्हणजे कायद्याने कसणारी कुळं मालक ठरली त्या दिवसानंतर. बलुतेदार होते, शेतमजूर होते, पेठ-सुरगाण्याकडे वनजमीन कसणारी आदिवासी घरं होती. ही माणसं त्या गावची नव्हती असं म्हणायची कुणाची छाती आहे? त्यांची नावं दुसरीकडे आहेत: कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना 14 मधल्या जन्ममृत्यूच्या नोंदीत, जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, वतनाच्या कागदांत. कोतवालाला जन्म कळवताना जमीन आहे का असं कुणी विचारत नव्हतं.

पंचवटी आणि त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळ्यांचा उल्लेख संदेशात नाही, याचं मला आश्चर्य वाटतं, कारण आपल्या नाशिककरांच्या हाताशी असलेलं हे सगळ्यात जवळचं साधन आहे. गाव आणि कूळ सांगितलं की वही उघडते, आणि आलेल्या यात्रेकरूने स्वतः सांगितलेली बापाची, आजाची, भावांची नावं तीत सापडतात. तिथेही सावध राहावं लागतं, कारण सांगणाऱ्याची आठवण जितकी पक्की तितकीच नोंद पक्की. पण ती वही गाव आणि कूळ धरून चालते, इंग्रजांचा जिल्हा धरून नाही. म्हणून जिथे महसुली कागदांत सीमा बदलल्याने धागा तुटतो, तिथे तो नामावळीत पुन्हा सापडू शकतो.

मागच्या रविवारी मी गावी जाऊन काकांना ती पावती मोडी शिकलेल्या एका मित्राकडून पुन्हा अक्षर न् अक्षर वाचून दाखवली. नाव, पुढे बिन, पुढे बापाचं नाव, मौजे आमचंच गाव. ग्रुपवरच्या मजकुरात मौजेची ओळच गळली होती. ते बापाचं नाव आमच्या घरात आजवर कुणालाच माहीत नव्हतं. काकांनी चष्मा लावला, दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर ते स्वतःच्या हाताने लिहून घेतलं आणि विचारलं, "त्या टिपणासाठी सिन्नरला कधी जायचं? मीबी येतो."