प्रायव्हेट लिमिटेड काढली की टॅक्स वाचतो?

‘व्यक्तीला ३० टक्के, कंपनीला २२. डॉक्टर, आर्किटेक्ट मंडळींनो, प्रायव्हेट लिमिटेड काढा, बायकोला डायरेक्टर करून पगार द्या. टॅक्स वाचेल, वर अंगावरही काही येणार नाही.’ असा मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरतोय.

आधी ते ३० टक्के. २०२५-२६ साठी नव्या करपद्धतीत हा दर २४ लाखांवरच्या रकमेलाच लागतो. ५० लाख उत्पन्नावरसुद्धा सेस (करावर लागणारा उपकर) धरून सरासरी साडेबावीसच्या आत पडते. कंपनीचे २२ मात्र सरचार्ज (अधिभार) आणि सेस मिळून २५.१६८ होतात.

आता एकट्याने प्रॅक्टिस करणारी आर्किटेक्ट घ्या. वर्षाची फी ६० लाख, जवळपास सगळी बँकेतून. खर्च जाऊन ३० लाख उरतात. तिच्या नावावर कर ४,९९,२०० रुपये. कंपनीत त्याच नफ्यावर ७,५५,०४०. आणि तो पैसा अजून कंपनीचाच! घरी आणायचा तर डिव्हिडंड (लाभांश) म्हणून, आणि २०२० पासून तो घेणाऱ्याच्या हातात करपात्र आहे. तिला दुसरं उत्पन्न नसेल तर आणखी सुमारे २.७२ लाख.

‘मग सगळा पगार म्हणून काढू.’ काढा. ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते, स्वतःच्या नावावरच्या करापेक्षा २३,४०० रुपये कमी लागतात. हा खरा फायदा. पण कंपनीला उलाढाल कितीही असो, ऑडिट सक्तीचं. शिवाय आरओसीचे (कंपनी निबंधकांचे) फॉर्म. सीएची फी विचारून बघा. उलट एकट्या व्यावसायिकाला २०२५-२६ साठी १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ४४एडीए आहे: रोखीतली जमा एकूण जमेच्या पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंतच्या जमेवर निम्मी रक्कम नफा धरून रिटर्न भरता येतं, वह्या ठेवायची सक्ती नाही. ही सोय कंपनीला नाही, एलएलपीलाही (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीलाही) नाही.

बायकोचा पगार? कंपनीत तुमचा मोठा हिस्सा असेल आणि तिच्याकडे त्या कामाची तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता नसेल, तर तो तुमच्याच उत्पन्नात धरला जातो. जोडीदार खरंच आर्किटेक्ट असेल तर गोष्ट वेगळी. पण तेव्हा पगार द्यायला कंपनी लागत नाही.

‘अंगावर येत नाही’ हे तर धोकादायक. स्वतःच्या हातून झालेल्या हलगर्जीपणाची जबाबदारी डॉक्टरवरच राहते. त्यासाठी व्यावसायिक विमा असतो.

कंपनी कुणी काढावी? ज्यांना नफा घरी न नेता व्यवसायातच गुंतवायचाय, बाहेरचा भागीदार आणायचाय, किंवा दवाखान्याचं हॉस्पिटल करायचंय, त्यांनी. सीएंना तर कंपनी काढून प्रॅक्टिस करण्याची मुभाच नाही.