पगारी माणसाचा सत्कार

आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दहा दिवस एकच वाद चाललाय. फुटबॉलचे सर मेमध्ये निवृत्त होतायत, त्यांचा सत्कार करायचा की नाही. "पगार घेऊन शिकवलं, त्यात समाजसेवा कसली?" असं एकानं टाकलं आणि त्याला पंधरा अंगठे पडले. मग गाडी पेठेवर आली. सरांनी म्हणे स्वतःच्या पेठेतल्या तालमीच्या संघालाच पोरं तयार करून दिली. मग डिजिटल फलकावर कुणाचा फोटो केवढा. कोल्हापुरात फुटबॉल म्हटलं की हे आलंच, पण इथं अमेरिकेत टस्कलूसात बसून माझं डोकं उठलं.

म्हणून मी ग्रुपवर निक सेबन काढला.

सेबन इथं अलाबामा विद्यापीठाचे १७ हंगाम कोच होते. हाही फुटबॉलच, पण अमेरिकन, पाय कमी लावतात एवढंच. १० जानेवारी २०२४ ला त्यांनी निवृत्ती जाहीर केली आणि लोक स्टेडियमबाहेरच्या त्यांच्या पुतळ्यापाशी जमले. पायाशी फुलं, कोकच्या बाटल्या आणि 'ओटमील क्रीम पाय' नावाची क्रीमची बिस्किटं. ते रोज सकाळी तीच दोन खातात, हे इथं शेंबड्या पोरालाही माहीत. नैवेद्यच की तो! त्याच वर्षी सप्टेंबरात मैदानालाही त्यांचं नाव दिलं. आणि पुतळा कधीचा? २०११ चा, माणूस नोकरीत असताना उभा केलेला. आपल्याकडे सचिनचे आचरेकर सर २०१९ च्या जानेवारीत गेले, शिवाजी पार्कवर स्मारक झालं २०२४ च्या डिसेंबरात.

त्याच २०११ च्या २७ एप्रिलला टोर्नेडो वादळानं हे गाव मधोमध चिरलं होतं. मी पुढच्या वर्षी आलो तेव्हाही फिफ्टीन्थ स्ट्रीटच्या आसपास नुसते चौथरे दिसायचे. सेबन नवरा-बायकोच्या 'निक्स किड्स' संस्थेनं घरं बांधणाऱ्या 'हॅबिटॅट' संस्थेला हाताशी धरून गरजूंना घरं बांधून दिली. विद्यापीठाच्या एकेका राष्ट्रीय विजेतेपदाला एक घर, अशी अठरा. संस्था वडिलांच्या आठवणीत काढलेली. वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसा खाणींच्या मुलखात ते पेट्रोल पंप चालवायचे आणि बारक्या पोरांचा संघ सांभाळायचे.

एवढं सगळं टाईप केलं. उत्तर आलं, "तुझ्या सेबनचा पगार वर्षाला ११ दशलक्ष डॉलरच्या वर. एवढ्यात आमच्या सरांनी अख्खी पेठ बांधून दिली असती."

पगाराचं मी मुद्दामच लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर माझं म्हणणं लंगडं पडलं असतं. तरी हेका सोडला नाही. पगार मोजायला बसलात तर सरांचा सत्कार दुप्पट झाला पाहिजे, म्हटलं. सरांच्या खिशात पेनाऐवजी हवा भरायची सुई असायची. पावसात गांधी मैदानात गुडघाभर पाणी तुंबलं की काठावरच्या ओल्या पट्टीवर पळवायचे. चौघांत बुटांचे दोन जोड. हाफटाइमला काढून द्यायचे, तेही ओले. एकदा परीक्षेची फी त्यांनी भरली, माझीच. घरी सांगितलं नव्हतं. ग्रुपवरही कधी बोललो नव्हतो.

"मग तू येणार काय सत्काराला?" एकीनं विचारलं.

व्हिसा स्टॅम्पिंगचं कारण सांगितलं. खोटं नव्हतं. पण ख्रिसमसला मेक्सिकोत कॅनकूनला जाऊन आलो, त्याचे फोटो याच ग्रुपवर आहेत. दुप्पट वर्गणी देतो म्हटलं, त्यावर कुणीच काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांना फोन लावला, कॉलेज सुटल्यावर पहिल्यांदाच. नाव सांगितलं, वर्ष सांगितलं. पलीकडं जरा वेळ शांतता.

"आत्ता आलं ध्यानात! डाव्या पायाचा ना रं तू? कॉर्नर झकास मारायचास."

मी गोलकीपर होतो, तोही राखीव.

"होय सर," म्हटलं.