नुसते बघत बसण्याचा धंदा

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या चेकपॉइंटवर पाळत ठेवण्याचे काम बघणाऱ्याला शुद्ध आळस वाटते, ही त्या कामातली मोठी अडचण आहे. नागपुरात गांधीबागेतल्या औषधांच्या ज्या ठोक दुकानात मी ऐन मे महिन्यात जाऊन बसत असे, तेथे या आळसाचे पैसे मोजावे लागणार हे शेठजींना ठाऊक होते; त्यामुळे त्यांची नजर पडद्यापेक्षा माझ्या हातांवरच अधिक असे. "भाऊ, तुम्ही काही करून राहिले, की नुसतेच पाहून राहिले?" असे ते विचारत, आणि खरे उत्तर देण्याची सोय नसे.

तक्रार अशी होती की, संध्याकाळी सगळ्या मालाचे दर आणि बॅचनिहाय साठा अद्ययावत होऊ लागला की काउंटरवरची बिले मध्येच थिजत. मुनीमजींच्या मते हा उन्हाचा दोष होता. त्यांनी कूलरचे तोंड सर्व्हरकडे वळवले होते, त्यामुळे सर्व्हरला दमट हवा आणि आम्हाला घाम अशी वाटणी झाली होती.

मी शेठजींना त्यांच्याच हिशेबाच्या भाषेत समजावले. प्रत्येक बदल आधी वॉल नावाच्या रोजकीर्दीत उतरतो. चेकपॉइंट म्हणजे त्याची खतावणी, म्हणजे मेमरीत बदललेली पाने डिस्कवर मूळ जागी लिहून टाकणे. मूळ सेटिंगप्रमाणे ती दर 5 मिनिटांनी होते. पण वॉल 1 जीबीच्या मर्यादेकडे सरकू लागला, तर वेळ होण्याची वाट न पाहता लगेच सुरू होते. वेळेवरचे चेकपॉइंट आणि असे भाग पाडलेले चेकपॉइंट सर्व्हर वेगवेगळे मोजतो. ते आकडे आरंभापासूनची बेरीज असल्यामुळे एकदा टिपून, थांबून, पुन्हा टिपून वजाबाकी करावी लागते. आमचे बसणे येते ते येथे. 2024 च्या 17 व्या आवृत्तीत या आकड्यांना स्वतंत्र घर मिळाले. शेठजींची आवृत्ती मात्र इतकी जुनी होती की चेकपॉइंटची नोंद लॉगमध्ये यावी म्हणून ते सेटिंगही मलाच चालू करावे लागले.

संध्याकाळ झाली आणि लॉग बोलू लागला: चेकपॉइंट फार लवकर लवकर होत आहेत, मॅक्स वॉल साइज, म्हणजे वॉलची ती 1 जीबीची मर्यादा, वाढवण्याचा विचार करा. दोन चेकपॉइंटमधले अंतर 30 सेकंदांच्या आत आले की ही कुरकुर सुरू होते. याहून गमतीची गोष्ट म्हणजे, प्रत्येक चेकपॉइंटनंतर एखाद्या पानाला पहिल्यांदा हात लागला की ते 8 केबीचे अख्खे पान वॉलमध्ये लिहिले जाते. म्हणजे चेकपॉइंट जितके दाट, तितका वॉल फुगणार, आणि वॉल फुगला की पुढचा चेकपॉइंट आणखी लवकर येणार. आपल्याच कामाने आपले काम वाढवणारा इतका प्रामाणिक नोकर मी दुसऱ्या कोणत्याही दुकानात पाहिलेला नाही. शिवाय प्रत्येक चेकपॉइंटच्या शेवटी सगळे डिस्कवर पक्के करण्याची घाई उडते आणि नेमकी तेव्हाच काउंटरवरची बिले थिजतात.

मॅक्स वॉल साइज 8 जीबी केला, मुदत 15 मिनिटे केली आणि लिखाण सावकाश पसरावे म्हणून दोन चेकपॉइंटमधल्या वेळेचा किती भाग त्याला द्यायचा ते प्रमाण 0.5 वरून 0.9 वर नेले. 14 व्या आवृत्तीपासून ते मुळातच तेवढे असते. सर्व्हर बंद न करता सेटिंग लागू झाली, तेव्हा शेठजींना दुरुस्ती झाल्यासारखीच वाटली नाही. "लाइट गेली तर?" या त्यांच्या प्रश्नाला मात्र दाद दिली पाहिजे, कारण सर्व्हर अचानक बंद पडल्यास जास्त वॉल वाचून उभे राहायला त्याला जास्त वेळ लागू शकतो. इन्व्हर्टर आहे हे आठवल्यावर त्यांनी मान डोलावली.

बदल लागू पडला की नाही हे कळायला पुन्हा बघत बसणे आलेच. माझे हात रिकामे पाहून शेठजींनी मला ओआरएसचे खोके मोजायला लावले. पडद्यावर वेळेवरच्या चेकपॉइंटचा आकडा वाढत होता, भाग पाडलेल्यांचा जागचा हलत नव्हता. खोके मात्र यादीपेक्षा दोन कमी भरले, आणि त्यांचा जाब मुनीमजींनी मला विचारला.