गाडी खासगी, पण वाट कोण देणार?

तेजस एक्सप्रेसचा विषय निघाला की बडोद्याच्या मराठी घरांत लगेच दोन तट पडतात. दांडिया बाजारापासून रावपुऱ्यापर्यंत कुठेही जा, एक जण म्हणणार, ‘रेल्वे कंपन्यांच्या हाती द्या, मग बघा गाड्या घड्याळ लावून धावतात की नाही.’ दुसरा म्हणणार, ‘गरिबाची गाडी विकायला काढली.’ इटलीतल्या मिलानमध्ये राहून हा वाद ऐकला की वाटतं, भांडण भलत्याच मुद्द्यावर चाललंय. सगळा जोर गाडी कुणाची यावर. त्या गाडीला रूळ मोकळा कोण करून देतो आणि नाही दिला तर दाद कुणाकडे मागायची, हे कुणी विचारत नाही.

आधी तेजसमध्ये खासगी असं काय आहे ते पाहू. लखनौ–दिल्ली तेजस ऑक्टोबर २०१९ मध्ये सुरू झाली, अहमदाबाद–मुंबई तेजस जानेवारी २०२० मध्ये. ही दुसरी गाडी नडियाद, बडोदा, भरूच, सुरत, वापी, बोरिवली असे थांबे घेत मुंबई सेंट्रलला जाते. चालवते आयआरसीटीसी, म्हणजे जिचे निम्म्याहून जास्त शेअर सरकारकडे आहेत ती कंपनी. डबे रेल्वेकडून भाड्याने घेतलेले. इंजिन रेल्वेचं, लोको पायलट आणि गार्ड रेल्वेचे, सिग्नल, फलाट, कंट्रोल सगळं रेल्वेचं. या सगळ्यापोटी कंपनी रेल्वेला ओढणावळ भरते. तिच्या हातात उरतं ते भाडं ठरवणं, तिकीट तपासणं, जेवण, सफाई आणि डब्यातला सेवकवर्ग. याला खासगी रेल्वे म्हणायचं की खासगी खानपान, ते ज्याचं त्याने ठरवावं.

प्रवाशाला मात्र फरक जाणवतो. तेजसला तत्काळ कोटा नाही, कोणतीही सवलत नाही, रेल्वे कर्मचाऱ्यांचे पास चालत नाहीत, आणि पाच वर्षांवरच्या मुलाचं पूर्ण तिकीट लागतं. भाडं मागणीप्रमाणे चढतं. उलट बाजूला २५ लाखांचा प्रवास विमा फुकट मिळतो. साध्या ई-तिकिटावर ४५ पैसे भरून घेतलेल्या विम्यात मृत्यूची भरपाई १० लाख आहे.

‘सवलत नाही’ हा तेजसविरोधातला सगळ्यात लाडका मुद्दा. पण ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये सरकारी गाड्यांतूनही गेली. पुरुषांना ४० टक्के आणि बायकांना ५० टक्के सूट होती, ती अजून परत आलेली नाही. चढतं भाडंही खासगीवाल्यांनी आणलं नाही. राजधानी, शताब्दी आणि दुरांतोला ते रेल्वेने सप्टेंबर २०१६ मध्येच लावलं, दर दहा टक्के जागा भरल्या की दहा टक्के वाढ. तेव्हा ज्या दोन गोष्टींसाठी खासगीकरणाला शिव्या बसतात, त्या दोन्ही सरकारी सहीने झाल्या आहेत. इटलीत भाडं उलट्या टोकाने चालतं. पूर्ण भाडं ही वरची मर्यादा असते आणि लवकर काढलेलं तिकीट त्याच्या खाली मिळतं. आपल्याकडे मूळ भाडं हा तळ, तिथून फक्त वर.

आता उशिराचं बघा, कारण खरी मेख तिथे आहे. बडोदा ते मुंबई सेंट्रल ३९२ किलोमीटर. विरारच्या उत्तरेला बहुतेक मार्ग दोनच रुळांचा, एक जायचा, एक यायचा. त्याच रुळावर मेल-एक्सप्रेस, दर स्टेशनाला थांबणारी मेमू, मालगाड्या आणि खाली डहाणू लोकल. विरार–डहाणू चौपदरीकरण याचसाठी काढलंय, आणि मालगाड्यांचा वेगळा पश्चिम मार्गही याच ओझ्यासाठी. १३० च्या वेगाने येणाऱ्या गाडीला पुढच्या गाडीला ओलांडायचं तर ती पुढची गाडी आधीच लूप लाइनवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, घ्यावी लागते. मालगाडी लांब असते, तिला पूर्ण सामावणारा लूप प्रत्येक स्टेशनात नसतो, आणि थांबलेली लादलेली मालगाडी पुन्हा वेग घ्यायला वेळ खाते. कुठली गाडी आधी सोडायची हे ठरवणाऱ्या कंट्रोलरचा अंदाज पाच मिनिटांनी चुकला की मागची गाडी पिवळ्या सिग्नलवर सरपटत येते. सुरतेच्या अलीकडे आठ-दहा मिनिटं गेली की गाडीची ठरलेली वाट, म्हणजे वेळापत्रकातली तिची जागा, हातची जाते, कारण पुढच्या पट्ट्यात दुसऱ्या गाड्या आपापल्या वेळेला उभ्या असतात. त्यात भरूच आणि सुरत यांच्या मध्ये रेल्वेच्या बडोदा मंडळाची (डिव्हिजनची) हद्द संपून मुंबई मंडळाची सुरू होते. एका मंडळाने घालवलेली मिनिटं दुसऱ्याने का भरून द्यावीत, हा मानवी प्रश्न आहेच.

शिवाय पावसाळ्यातले वेगमर्यादेचे हुकूम, साखळी ओढणं, रुळावरची गुरं. ऑक्टोबर २०२२ मध्ये म्हशींना धडकून वंदे भारतचं नाक तुटलं, त्यानंतर या मार्गाला लोखंडी कठडे बसले. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचा पूर आला तेव्हा कुठली गाडी कुणाची हे पाण्याने विचारलं नाही. अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे रेल्वेखालचा रस्ता, तर दर वर्षीच भरतं, त्याला पुराचीही गरज नसते.

या यादीत एकही गोष्ट आयआरसीटीसीच्या हातातली नाही. तरी सुरुवातीला कंपनीने एक वचन दिलं होतं. गाडीला तासाहून जास्त उशीर झाला तर माणशी १०० रुपये, दोन तासांहून जास्त झाला तर २५०. पैसे आपोआप येत नसत, विमा कंपनीकडे दावा करावा लागे. तिकीट एक्झिक्युटिव्हचं असो की साध्या चेअर कारचं, रक्कम तीच. फेब्रुवारी २०२४ मध्ये ही योजना बंद झाली. त्यावर ‘खासगीवाल्यांनी फसवलं’ अशी ओरड झाली, पण जी कंपनी सिग्नल हलवू शकत नाही तिने उशिराचा दंड भरत राहावा हा हिशोब मुळातच लंगडा होता. दंड ज्याच्यामुळे उशीर झाला त्याच्या खिशातून निघायला हवा.

लगेच पुढच्या महिन्यात, मार्च २०२४ मध्ये, रेल्वेने अहमदाबाद–मुंबई दुसरी वंदे भारत सोडली. वेळ कोणती? सकाळी अहमदाबादहून, दुपारी मुंबईहून, म्हणजे तेजसच्या अगदी आगेमागे. सुरुवातीच्या वेळापत्रकात ती जवळपास तासभर कमी वेळात पोहोचत होती. प्रवाशाच्या दृष्टीने उत्तम. पण ज्याच्या हातात वेळापत्रक त्याचीच एक गाडी शर्यतीत असेल तर दुसऱ्या गाडीचा मालक कोण का असेना, तो हरणारच.

हाच खेळ इटलीत झाला आणि तो कसा सुटला हे घरच्या वादात यायला हवं. २८ एप्रिल २०१२ ला इटालो नावाची खरोखर खासगी, वेगवान गाडी सुरू झाली. स्वतःच्या गाड्या, ३०० किलोमीटरचा वेग, मिलान–बोलोन्या–फ्लोरेन्स–रोम–नेपल्स मार्ग. समोर सरकारी त्रेनितालिया. आणि रूळ सांभाळणारी कंपनीही त्रेनितालियाच्याच सरकारी गटातली. सुरुवातीला इटालो रोमच्या मुख्य तेर्मिनी स्टेशनात नव्हे, ओस्तिएन्से स्टेशनात लागत असे. तिथे इटालोच्या प्रतीक्षालयातून फलाटावर थेट जाण्याच्या वाटेवर चक्क लोखंडी जाळी उभी राहिली. प्रवाशांना वळसा पडे. त्या जाळीवरून देशभर गाजावाजा झाला. भाऊबंदकीत विहिरीच्या वाटेवर कुंपण घालतात, तसलंच हे.

दोन-अडीच वर्षांत इटालो कर्जाखाली दबली होती. मग वाहतुकीचा स्वतंत्र नियामक कामाला लागला. त्याचं कार्यालय तोरिनोमध्ये आहे, मंत्रालयापासून लांब, हेही बरंच. २०१४ मध्ये त्याने वेगवान मार्गावरचा रूळभाडा दर खाली आणायला लावला, आणि तो दोन्ही कंपन्यांना सारखाच. इटालोला मोठी स्टेशनं मिळाली. २०१८ मध्ये तीच बुडू पाहणारी कंपनी एका अमेरिकी गुंतवणूक फंडाने सुमारे दोन अब्ज युरोंना विकत घेतली. कंपनी हुशार होती म्हणून वाचली असं इथलेही बरेच लोक सांगतात. मला ते अर्धसत्य वाटतं. गाड्या चांगल्या होत्याच, पण त्या पहिल्या दिवसापासून चांगल्या होत्या आणि तरी कंपनी बुडत होती.

दुसरी गोष्ट, वेगवान रूळ आधी सरकारी पैशाने घातले गेले. फ्लोरेन्स–रोम मार्ग १९९२ मध्ये पुरा झाला, मिलान–बोलोन्या २००८ मध्ये, बोलोन्या–फ्लोरेन्स २००९ मध्ये. इटालो तयार ताटावर बसली. मालगाड्या आणि पॅसेंजर बहुतेक जुन्या मार्गावर राहिल्या, म्हणून एकाच तासात दोन कंपन्यांच्या गाड्या सुटू शकतात. बडोदा–मुंबईच्या दुपदरी मार्गावर उद्या तीन खासगी कंपन्या आणल्या तरी त्या त्याच मालगाडीच्या मागे उभ्या राहतील.

सुट्टीत इकडे येणाऱ्या आप्तांना इटालोचं कौतुक फार असतं, त्यांच्यासाठी काही खाचाखोचा. इटालोचं तिकीट त्रेनितालियात चालत नाही, उलटही नाही. गाडी एकाच फलाटावरून, दहा मिनिटांच्या अंतराने सुटत असली तरी नाही. सगळ्यात स्वस्त प्रकारच्या तिकिटाला परतावा नसतो. फलाट क्रमांक फलकावर बऱ्याचदा शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत लागतो. मिलानच्या मुख्य स्टेशनात फलाटांकडे जाण्याआधीच तिकीट तपासतात, त्यामुळे पोहोचवायला आलेल्या मंडळींना तिथूनच टाटा करावा लागतो. आणि पुढचा प्रवास दुसऱ्या कंपनीच्या वेगळ्या तिकिटावर असेल तर पहिली गाडी उशिरा आल्याने ती चुकली, तर ते नुकसान तुमचं. मध्ये निदान तासभर ठेवावा. उशिराची भरपाई मात्र युरोपच्या नियमाने ठरलेली आहे, ६० मिनिटांपासून तिकिटाच्या २५ टक्के, १२० मिनिटांपासून ५० टक्के. रक्कम भाड्याच्या प्रमाणात, आणि गाडी सरकारी की खासगी हा प्रश्नच नाही. जून २०२३ पासून महापूर-वादळासारख्या कारणांना त्यातून सूट आहे.

म्हणून इटलीत सगळं वेळेवर चालतं असंही समजू नका. २ ऑक्टोबर २०२४ ला रोमच्या परिसरात एका कामगाराने ठोकलेला खिळा विजेच्या केबलमध्ये गेला आणि रोम तसंच मिलानमध्ये तासन्‌तास गोंधळ उडाला. सरकारी गाड्या थांबल्या, खासगीही थांबल्या. रूळ एक, तर खिळाही एकच पुरतो.

आणि स्पर्धा येते ती पैसा असलेल्या मार्गावर. मिलानच्या आसपासच्या रोजच्या संथ गाड्या प्रांतिक सरकारच्या करारावर आणि अनुदानावर चालतात, तिथे फंडवाले रांग लावत नाहीत. बडोदेकरांना हे नवं वाटू नये. १८६१ मध्ये सुरतेहून बडोद्यापर्यंत पोहोचलेली बीबीसीआय (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वे खासगी कंपनीचीच होती, आणि तिच्या भागधारकांना पाच टक्के व्याजाची सरकारी हमी होती. धंदा कमी पडला तर भरपाई रयतेच्या करातून. मुख्य मार्गापासून दूरच्या मुलखासाठी खंडेराव महाराजांनी १८६२ मध्ये मियागाम–डभोई अरुंद मार्ग स्वतः घातला, त्यावर आधी बैल गाडी ओढत. डभोई, चांदोद, छोटा उदेपूरच्या गाड्यांवर आजही कुणी कंपनी बोली लावणार नाही.

बोली लावण्यावरून आठवलं. जुलै २०२० मध्ये रेल्वेने १०९ मार्गांवर १५१ खासगी गाड्यांसाठी निविदा काढल्या. ३५ वर्षांचा करार, ३० हजार कोटींची गुंतवणूक, ९५ टक्के वक्तशीरपणाची अट. वर्षभराने बोली उघडल्या तेव्हा दोनच नावं निघाली आणि त्यातलं एक आयआरसीटीसी. प्रक्रिया गुंडाळली गेली. गुंतवणूकदार भित्रे नव्हते, त्यांनी करार वाचला होता. रूळ रेल्वेचा, प्रतिस्पर्धी रेल्वे, आणि वाद झाला तर दोघांच्याही वर बसेल असा स्वतंत्र नियामक नाही. असा नियामक म्हणून ठरलेल्या रेल विकास प्राधिकरणाला मंत्रिमंडळाची मंजुरी एप्रिल २०१७ मध्येच मिळाली होती. पण ते काही उभं राहिलं नाही.

तोवर बडोद्यातून काय करता येईल? सकाळी मुंबईला निघायचं असेल तर वंदे भारतची जागा आधी बघावी, भरली असेल तर तेजस. सुट्टीच्या तोंडावर तेजसचं चढलेलं भाडं आणि दुसऱ्या गाडीच्या तत्काळचं भाडं दोन्ही समोर ठेवून मगच पैसे भरावेत. तेजसच्या भाड्यात जेवण आलंच, ते वजा करून बघावं. नेहमीच्या गाड्यांना तीन तासांहून जास्त उशीर असेल आणि जायचंच नसेल, तर गाडी सुटण्याआधी टीडीआर (परताव्याचा अर्ज) भरला की पूर्ण पैसे परत मिळतात. हे अजून अनेकांना माहीत नसतं.

आणि वादच घालायचा असेल तर हाताशी कागद घेऊन घालावा. गाडी कुठे किती मिनिटं अडली आणि कशामुळे, याची नोंद कंट्रोल ऑफिसात रोज होते, कारणासकट. युरोपात याच नोंदीवरून कोणी कोणाला किती भरायचं ते ठरतं. पश्चिम रेल्वेकडे दहा रुपये भरून माहिती अधिकारात अर्ज करावा. गेल्या बारा महिन्यांत बडोदा आणि मुंबई मंडळांत तेजस, शताब्दी आणि दोन्ही वंदे भारत यांची किती मिनिटं मालगाडीमुळे गेली, किती पुढच्या गाडीला आधी सोडल्यामुळे, किती सिग्नल बिघाडाने, हे गाडीनिहाय आणि कारणनिहाय मागावं. दोन्ही मंडळांची नावं अर्जात वेगवेगळी लिहावीत, नाहीतर एक मंडळ दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळं होतं.